छायाचित्रांखालची नावे

छायाचित्रांचा आल्बम ही आज जुनाट वस्तू वाटते. परंतु व्हिक्टोरिया राणीच्या काळी विलायतेत ती घराच्या प्रतिष्ठेची खूण होती. पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ साली एकाच काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याच्या युक्तीचे पेटंट मिळविले. भेटपत्राएवढ्या पुठ्ठ्यावरची ही चित्रे स्वस्त पडत. १८६० साली राणीच्या कुटुंबाची अशी चित्रे विक्रीस निघाली आणि घरोघरी आल्बम भरू लागले. ते सजविण्यात स्त्रियांचाच पुढाकार असे. लेडी फिल्मर तर चित्रे कातरून, भोवती जलरंगांत दिवाणखाना रंगवून, त्यात माणसे आपल्या मर्जीप्रमाणे बसवीत.

या चित्रांतील स्त्रिया इतक्या गंभीर का दिसतात? काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे, त्यास कित्येक सेकंद लागत, आणि मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावीत. तेवढा वेळ हसू टिकवून पाहावे!

आपल्याकडेही ही कला लवकर आली. मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रकारांची संस्था निघाली. पण १८६८ ते १८७५ या काळात सरकारी प्रेरणेने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाचे आठ खंड निघाले, त्यांत कॅमेऱ्यापुढे बसलेल्या पुष्कळ स्त्रीपुरुषांचे नावच नाही; आहे ती जात किंवा जमात. विलायतेतील गृहिणी आल्बमात व्यक्ती ठरली, आणि येथील स्त्री केवळ नमुना!

या पार्श्वभूमीवर १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात घेतलेले एक छायाचित्र अवश्य पाहावे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत: जपानच्या केइ ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबूली आणि आपल्या आनंदीबाई जोशी. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे आनंदीबाईंनी १८८३ साली सेरामपूरच्या सभेत सांगितले होते. त्या शब्दाची साक्ष त्यांची साडी देते. हिज्जे वाकडेतिकडे असले, तरी चित्राखाली प्रत्येकीचे नाव, गाव आणि देश लिहिला आहे. पाहणाऱ्यांना त्यांचे वेष नवलाचे वाटले असतील. तरी त्या नमुने नाहीत.

१८८६ साली आनंदीबाई पदवीधर झाल्या. निपाणीपासून जवळच असलेल्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयाने त्यांना गाठले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास त्यांचा अंत झाला.

आपल्या घरच्या जुन्या चित्रांत पुरुषांची नावे बहुधा सापडतात. शेजारी उभी असलेली बाई मात्र ‘अमक्यांची पत्नी’ एवढीच उरते. तिचे माहेरचे व सासरचे नाव सांगणारी आजी घरात असेल, तर विद्यार्थ्यांनी ते या सुटीतच विचारून चित्रामागे लिहावे. लिहिताना मऊ पेन्सिल वापरावी. शाई पुढल्या बाजूस उमटते.