रानपिंगळा आणि सोनेरी मर्कट

तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईकरांच्या घरोघर जात आहे. परंतु त्या पाण्याची राखण करणाऱ्या शहापूरच्या सागवनांत कोण राहतो, याची चौकशी फार थोडे करतात. तेथील एका रहिवाशाचा, रानपिंगळ्याचा, परिचय आम्ही आज करून देणार आहों. घुबडाच्या कुळांतील हा वीतभर उंचीचा पक्षी असून तो दिवसाढवळ्या शिकार करतो. १८७३ सालीं ह्यूमसाहेबांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. पुढें १८८४ नंतर तो दिसेनासा झाला, व पंडितांनीं त्याची आशा जवळजवळ सोडली. १९९७ सालीं खानदेशांत शहाद्याजवळ तो अमेरिकन अभ्यासकांस पुन्हां दिसला, आणि २०१४ सालीं तानसा अभयारण्यांतही आढळला!

ब्राझील देशांतील सोनेरी आयाळीच्या एका चिमुकल्या मर्कटाची कथा यासारखीच आहे. त्याचें वजन जेमतेम सहाशें ग्रॅम. तें रात्रीं झाडाच्या ढोलींत निजतें. आमचा पिंगळाही ढोलींतच अंडीं घालतो. संस्कृतांत जिला कोटर म्हणतात, ती जुन्या वृक्षाची पोकळी हेंच दोघांचें घर. १९७० च्या सुमारास हीं मर्कटें रानांत अवघीं दोनशें उरलीं होतीं. १९७४ मध्यें त्यांच्यासाठीं राखीव अरण्य झालें; १९८४ पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेलीं मर्कटें रानांत सोडण्यांत आलीं; तुटलेले वनखंड झाडें लावून जोडले गेले. २०२० सालीं तर हमरस्त्यावर झाडें लावण्यासाठीं पूल उभारला! मध्यंतरीं पीतज्वराच्या साथीनें मोठी हानि होऊनही २०२३ च्या गणतींत त्यांची संख्या सुमारें ४,८०० भरली.

जागतिक यादींत मर्कट २००३ सालीं व पिंगळा २०१८ सालीं 'अतिसंकटग्रस्त' या वर्गांतून 'संकटग्रस्त' या वर्गांत आला. बढती एकच, कारणें मात्र भिन्न. मर्कट श्रमानें वांचविलें गेलें. पिंगळा केवळ अधिक ठिकाणीं दिसला. हरवलेला दागिना फडताळांत सांपडला, म्हणून घरची संपत्ति वाढली असें कोणी म्हणत नाहीं.

तानसाचें रान व मुरबाडचीं रानें यांच्यामध्यें लोहमार्ग व नाशिकचा हमरस्ता आहेतच. २०२५ सालीं समृद्धी महामार्गही शहापूर तालुक्यांतून खुला झाला. त्यांत वणवे व लाकूडतोड यांची भर. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं शहापूर-मुरबाडकडे जमिनी घेतल्या असतील. त्यांनीं बंगला अवश्य बांधावा. पण आवारांतील जुनें, पोकळ झाड निरुपयोगी समजून तोडूं नये. त्या ढोलींत कोणाचा तरी संसार असतो.