चुणीचा पडदा घरच्या घरी

लग्नातला अंतरपाट आपण सर्वांनी पाहिला आहे. दोघे जण दोन बाजूंनी तो ताणून धरतात. मंगलाष्टके लांबली की धरणाऱ्यांचे हात भरून येतात आणि कापडाला मध्ये झोळ पडतो. आपल्या पुष्कळ घरांत खिडकीला टांगलेला पडदा असाच असतो. दोन खिळे, एक सुतळी आणि तिच्यावर ताणलेले सपाट कापड. वारा आला की ते पोटासारखे फुगते, वारा गेला की झोळ खाते, आणि बाजूंनी फटी पडतात त्या पडतातच.

याच्या उलट चुण्या घातलेला पडदा सरळ खाली पडतो. असे का होते? घरावरचा पत्रा आठवा. सपाट पत्रा दोन वाशांवर ठेवला तर स्वतःच्या भारानेच वाकतो. त्याच पत्र्याला नाल्या पाडल्या की त्यावरून माणूस चालला तरी तो तग धरतो. घडीमुळे पातळ वस्तूला ताठपणा येतो, हा साधा नियम आहे. चुणी म्हणजे कापडाला पाडलेली नालीच होय. म्हणून चुणीला केवळ नटवेपणा समजू नये. चुणीमुळे पडदा पडदा होतो.

आता आपण म्हणाल, प्राध्यापकाला या शिवणकामाशी काय कर्तव्य? त्यासाठी घरची एक गोष्ट सांगावी लागेल.

२००६ सालची गोष्ट. मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी दोन खोल्यांचे घर. धाकटी बहीण दहावीला होती. तिची अभ्यासाची जागा म्हणजे रस्त्याकडची खिडकी. रस्त्याने येणारा-जाणारा सहज आत डोकवी, म्हणून ती बिचारी खिडकी लावून घेई आणि दिव्याखाली वाची. त्या वर्षांत भारनियमन कडक होते. दिवा गेला की उजेड नाही आणि खिडकी बंद म्हणून वारा नाही. फेब्रुवारी सरता सरता आपल्याकडे ऊन कसे तापू लागते ते सांगावयास नको. मी नुकताच एम. ए. झालो होतो. वाशीमच्या बाजारातून सुती कापड आणले, खिडकीच्या मापाने कापले, शिंप्याकडून शिवून घेतले आणि टांगले. पहिल्या धुण्यानंतर ते वीतभर वर चढले! खालून सगळे दिसू लागले. कापड गेले, पैसे गेले, आणि परीक्षा दोन आठवड्यांवर आलेली.

माय म्हणाली, “नवं लुगडं पयले पान्यातून काढा लागते, हे तुले मालूम नव्हतं काय?” मला खरोखरच मालूम नव्हते. मग तिने आपले एक जुने सुती लुगडे काढले. नऊ वार लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. ते जन्मभर चार बोटांच्या सारख्या निऱ्यांत बसवणाऱ्या बाईला पडद्याच्या चुण्या कोणी शिकवायच्या? तिने बोटांनी मापून एकसारख्या चुण्या घातल्या, वरून टाके मारले आणि पडदा लावला. बहिणीची खिडकी उघडली ती परीक्षा संपेपर्यंत उघडीच राहिली.

तेव्हापासून मी मनाशी एक गोष्ट पक्की केली आहे. चुणीचा पडदा हे सुईचे काम थोडे आणि मापाचे काम फार. माप बरोबर असेल तर साधा हातटाकाही शोभतो. माप चुकले तर उत्तम शिलाईसुद्धा वाया जाते. तेव्हा आता मापापासूनच सुरुवात करू.

समजा, आपली खिडकी ३६ इंच रुंद आणि ४८ इंच उंच आहे. पडदा खिडकीएवढाच केला तर बाजूंनी ऊन आणि नजर दोन्ही आत येतात. म्हणून दांडी दोन्ही बाजूंना चार चार इंच जास्त घ्यावी. ३६ आणि ८ मिळून ४४ इंच झाले. दोन पडदे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला २२ इंच येतात. मध्ये एकावर एक थोडे यावेत आणि कडेला भिंतीकडे किंचित वळावेत म्हणून प्रत्येकी दोन इंच जास्त धरावे. म्हणजे चुण्या घालून झाल्यावर एक पडदा २४ इंच रुंद भरला पाहिजे.

आता कापड पाहू. ४८ इंच पन्ह्याचे कापड घेतले असे धरू. दोन्ही कडांना इंच इंच दोनदा दुमडून शिवायचे, त्यात प्रत्येक बाजूचे दोन इंच जातात. राहिले ४४ इंच. आपल्याला हवेत २४. म्हणजे २० इंच कापड जास्त आहे. हे जास्तीचे कापड सारखे वाटून देणे, एवढेच चुण्यांचे सारे गणित.

पाच चुण्या घालू. २० ला ५ ने भागले की प्रत्येक चुणीला ४ इंच मिळतात. पाच चुण्यांमध्ये अंतरे किती? चार. कुंपणाचे पाच खांब रोवले तर मधले गाळे चारच पडतात, तसेच हे. पुष्कळांची चूक नेमकी येथे होते. पाच चुण्या म्हणून अंतरेही पाच धरतात आणि शेवटची चुणी कडेवर जाऊन बसते. दोन्ही टोकांना दोन दोन इंच सपाट सोडा. २४ मधून ४ गेले, २० उरले. चार अंतरांत ते वाटले की प्रत्येक अंतर ५ इंचांचे होते. आता कापडाच्या उलट्या बाजूवर खडूने खुणा करा. आधी २, मग ४, ५, ४, ५, ४, ५, ४, ५, ४, आणि शेवटी २. बेरीज करून पाहा, बरोबर ४४ भरते. बेरीज जुळल्याशिवाय सुई हातात घेऊ नये.

लांबीचा हिशेबही असाच. पडदा चौकटीच्या चार इंच वरून सुरू व्हावा आणि आठ इंच खाली यावा. ४८, ४ आणि ८ मिळून ६० इंच. वरच्या दुमडीला ५ इंच आणि खालच्या दुहेरी दुमडीला ७ इंच धरा. झाले ७२ इंच, म्हणजे नेमके दोन वार. दोन पडद्यांना चार वार, १४४ इंच. पण दुकानात मात्र चार मीटर मागावे. चार मीटर म्हणजे साडेसत्तावन्न आणि शंभर इंच. वरचे तेरा इंच आटण्यासाठी ठेवलेले आहेत.

कापड आटते का? मागावर विणताना सूत ताणून धरलेले असते. पाणी लागले की तंतू फुगतात, ताण सैल होतो आणि सूत आखूड होते. न धुतलेले सुती कापड शंभर इंचांत पाच-सात इंच सहज आटते. म्हणून कापड आणले की रात्रभर पाण्यात भिजू द्यावे, सावलीत वाळवावे, इस्त्री फिरवावी आणि मगच कात्री लावावी. पन्हाही इंचभर कमी होईल. तसे झाले तर ते कमी माप चुण्यांतून वजा करावे, मधल्या अंतरांतून नव्हे. पन्हा ४७ भरला, तर जास्तीचे कापड १९ इंच उरते आणि चुणी चार इंचांऐवजी पावणेचार इंचांहून किंचित मोठी होते. पडद्याची रुंदी मात्र तीच राहते.

कापड फुकट घालवणे आपल्याला तर मुळीच शोभत नाही. कापूस आपल्याच काळ्या रानातला. मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोट्या रुळांची गाडी इंग्रज अमदानीत कापूस वाहण्यासाठी घातली गेली आणि ती आपल्या कारंज्यावरूनच जाई. रानातून गेलेला कापूस दूरच्या गिरणीतून कापड होऊन परत येतो तेव्हा त्याची किंमत काय होते, ते शेतकऱ्याला सांगावयास नको. एक चुकीची कात्री म्हणजे तेवढी किंमत पाण्यात.

आता शिवण. कापड सरळ कापण्यासाठी डोळ्यांवर विसंबू नका. कडेजवळ एक आडवे सूत धरून हळूहळू ओढून काढा. ते निघाले की कापडात बारीक रेघ उमटते, तिच्यावरून कात्री चालवा. आधी दोन्ही कडा शिवा. वरच्या दुमडीत चार इंच रुंद बकरमची पट्टी घाला. शिंप्याच्या सामानाच्या दुकानात ती मिळते. ती नसेल तर जुन्या जाड कापडाची दुहेरी पट्टीही चालते. पट्टीवाचून चुणीची मान पडते. मग खुणेला खूण जुळवून चुणी धरा, टाचणी लावा आणि वरपासून चार इंच खाली सरळ टीप मारा. ही झाली दोन इंच उंचीची पोकळ घडी. तिच्या दोन पाकळ्या करून बुडाशी सुईने चार घट्ट टाके घाला. मशीन नसेल तर बारीक उलटा टाका घालावा. तो धावदोऱ्यापेक्षा पक्का बसतो.

खालची दुमड मात्र कच्च्या टाक्यानेच ठेवा. पडदा दोन-तीन दिवस टांगून ठेवला की कापड स्वतःच्या भाराने थोडे उतरते. मग खालची रेघ पाहून पक्की शिवण घालावी.

टांगण्याची दांडी सरळ हवी. सुतळी किंवा तार झोळ खाते आणि सगळी मेहनत वाया घालवते. अर्ध्या इंचाची लोखंडी नळी किंवा चांगला वाळलेला सरळ बांबूही चालेल. दांडी पाच फुटांहून लांब असेल तर मध्ये एक आधार द्यावा. दोन्ही टोके एका पातळीत आहेत का, हे गवंड्याप्रमाणे पारदर्शक नळीत पाणी भरून पाहावे. जुन्या घरांची चौकट पुष्कळदा तिरपी असते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. भिंत मातीची असेल तर नुसता खिळा धरत नाही. आधी लाकडी खुंटी घट्ट ठोकावी आणि तिच्यात स्क्रू बसवावा. प्रत्येक चुणीमागे एक आकडा आणि दोन टोकांना एक एक, असे एका पडद्याला सात आकडे लागतात.

आणि आता शेवटची युक्ती. पडदा टांगल्यावर तो एका बाजूला सारा, प्रत्येक चुणी हाताने वरपासून खालपर्यंत फिरवून घडीत बसवा आणि सुती पट्टीने वर, मध्ये आणि खाली सैलसर बांधून दोन दिवस तसाच ठेवा. कापडाला वळण लागते. एकदा लागलेले वळण पुढच्या धुण्यापर्यंत टिकते.

उन्हाविषयी दोन शब्द. पश्चिमेच्या खिडकीला पडदा करीत असाल तर बाहेरच्या बाजूला पांढरे अस्तर लावा. पांढरा रंग ऊन परतवतो, गडद रंग ते पिऊन खोलीतच सोडतो. ऊन बाहेरच्या बाहेर अडवले तर आणखी चांगले. म्हणूनच आपल्या विदर्भात बाहेरून वाळ्याचे ओले पडदे सोडण्याची रीत पडली. मात्र चूल, शेगडी आणि देवाजवळचा दिवा यांपासून पडदा निदान तीन फूट दूर ठेवावा. कृत्रिम धाग्याचे कापड पेटले की वितळते आणि अंगाला चिकटते. स्वयंपाकघराजवळ ते लावूच नये.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तेव्हा हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार आपल्याच भागातून देशापुढे गेला. आपल्या वर्गाच्या एका खिडकीचे माप पाचवी-सहावीच्या मुलांना घ्यायला सांगा. मोजणी, वजाबाकी, भागाकार, खांब आणि गाळे हे सारे त्यात आले. शिवायला मुलींप्रमाणेच मुलांनाही बसवा. माझ्यासारखा एखादा एम. ए. होईपर्यंत कापड आटते हे न कळलेला राहू नये!

बहीण पुढे शिकली, नोकरीला लागली, तिच्या घरी आता तयार पडदे आहेत. परवा गेलो तेव्हा तिने ते उलटून दाखवले. चुण्या वेड्यावाकड्या, एक अंतर चार बोटांचे तर दुसरे सहा बोटांचे. म्हणाली, “दादा, मायनं बोटांनी मोजलं होतं, ते यापेक्षा बरोबर होतं.”

तेव्हा मंडळी, आपल्या घरी जिला लुगड्याच्या निऱ्या नीट बसवता येतात, तिच्यापासूनच सुरुवात करा. टेप आपण धरावी आणि चुणी तिला धरू द्यावी.