गिझर चालू, पण पाणी कोमट!

मार्गळी महिन्यातली पहाट. चेन्नईच्या उत्तर टोकाला, खाडीकाठच्या एन्नोरमध्ये कडाक्याची थंडी कधीच पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा २० अंशांच्या आसपास उतरतो, एवढेच. तरीही घरातल्या आजोबांना आणि तान्ह्या बाळाला अंघोळीला ऊन पाणी लागतेच. अशा वेळी अर्धा तास गिझर चालू ठेवूनही बादलीत कोमट पाणी पडले, तर गृहिणीची सगळी सकाळ बिघडते. मग नवा गिझर घेण्याचे बेत सुरू होतात. पण बऱ्याचदा दोष अगदी किरकोळ असतो.

पाण्यातच आहे मेख

एन्नोरजवळच्या मिंजूर भागात भूजलाचा अतोनात उपसा झाला आणि समुद्राचे खारे पाणी जमिनीखाली आत शिरले. समुद्राचे पाणी गोडे करणारा, रोज १० कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प मिंजूरला २०१० मध्ये सुरू झाला. तरी ज्या घरात बोअरवेलचे पाणी वापरले जाते, तिथे क्षारांचा त्रास असतोच. महाराष्ट्रातही बोअरवेल असलेल्या अनेक घरांत हाच अनुभव येतो.

जड पाणी तापले की त्यातला चुना कॉइलवर पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो. उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. कॉइल प्रमाणाबाहेर तापते, थर्मोस्टॅट वेळेआधीच वीज तोडू शकतो आणि शेवटी कॉइल जळते. गिझरमधून तडतड आवाज येणे ही या थराची खूण.

आधी हे तपासा

घड्याळ लावून पाहावे. २००० वॅटच्या १५ लिटर गिझरला २८ अंशांचे पाणी ५५ अंशांपर्यंत तापवायला साधारण १५ मिनिटे पुरतात. त्याहून बराच वेळ लागत असेल, तर कारण शोधावे.

व्होल्टेज कमी आहे का? २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर गिझरची शक्ती सुमारे ६० टक्क्यांवर येते. दिवा लवकर विझत असेल, तर थर्मोस्टॅटचा आकडा कमी ठेवला गेला आहे का, ते पाहावे. गिझर चांगला तापूनही नळाला कोमट पाणी येत असेल, तर मिक्सर नळातून थंड पाणी मिसळत असण्याची शक्यता असते.

हे मात्र घरी करू नये

गिझर उघडणे, कॉइल काढून थर स्वच्छ करणे ही कामे जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावीत. त्याच वेळी टाकीला गंजापासून वाचवणारा अॅनोड रॉडही तपासून घ्यावा. खाऱ्या पाण्यात तो लवकर झिजतो. पाणी जड असेल तर वर्षातून एकदा ही सफाई करावीच.

जळालेल्या कॉइलचे आवरण फुटले, तर विजेचा प्रवाह थेट पाण्यात उतरू शकतो. म्हणून नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करून गिझर वापरणे तत्काळ थांबवावे. अर्थिंग नीट असावे, ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवलेला असावा आणि गिझर बंद करूनच अंघोळीला जावे. सुरक्षा व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याचे तोंड कधीही बंद करू नये. टाकीतला वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडतो.

थंडी सुरू होण्याआधी, दिवाळीच्या साफसफाईतच गिझरचाही नंबर लावला, तर आजोबांची आणि बाळाची अंघोळ वेळेवर होईल आणि घरातल्यांची काळजीही मिटेल.