हेडफोनची गादी झिजली, की आवाजही बिघडतो

पुनावळ्यात राहून हिंजवडीच्या कंपन्यांचं काम घरून करणाऱ्यांच्या कानांवर हेडफोन तासन्‌तास असतो. कान दुखू लागले, की आधी गादी तपासा.

बहुतेक गाद्यांना अस्सल चामडं नसतं. कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो. घाम आणि दमट हवेने तो हळूहळू तुटतो. त्यामुळे पावसाळ्यात कपाटात नुसता पडून राहिलेला हेडफोनही सोलवटतो आणि काळ्या पापड्या गालाला चिकटतात.

आतला फोम बसला, की कानाची पाळी थेट स्पीकरच्या जाळीला टेकते. दुखतं ते तिथेच. शिवाय कडेला फट पडून खर्ज गळतो. चष्म्याची काडीही हेच करते. खर्ज कमी वाटला, की आपण आवाज वाढवतो किंवा इक्वलायझरमध्ये बेस चढवतो. हा उपाय चुकीचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही ऐकण्याची सुरक्षित मर्यादा आहे; दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो.

मखमली गादी थंड वाटते, पण बंद हेडफोनमध्ये खर्ज सहसा घटवते. जाड गादीने स्पीकर कानापासून लांब जातो आणि वरच्या पट्टीचा पोत बदलतो. म्हणून आधी मूळ मापाचीच गादी घ्या, इक्वलायझरला हात नंतर लावा.

गाणं लावून दोन्ही कप तळव्यांनी हलके दाबा. खर्ज एकदम भरून आला, तर गादी बदला.