बाटलीवरचे टक्के

गेल्या पावसाळ्यात एका रात्री शेजारच्या आजी औषधाची बाटली घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. नातवाला ताप होता. "मास्तर, हे एक चमचाच द्यायचं ना? मागच्या खेपेला डॉक्टरांनी चमचाभर सांगितलं होतं." (मी कॉलेजात शिकवतो, पण आजींच्या लेखी मास्तरच!) मागच्या खेपेचे औषध सिरप होते. हातातली चिमुकली बाटली थेंबांची होती. औषध मात्र तेच, पॅरासिटामॉल.

दोन्ही लेबले दिव्याखाली धरली. सिरपवर लिहिले होते, ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीवर, १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. म्हणजे ५ मिलिलिटरचा एक चमचा सिरप दिले तर १२५ मिलिग्रॅम पोटात जाणार, आणि तेवढेच थेंबांचे औषध दिले तर ५००. सरळ चौपट! आजींना तिथेच थांबवले, डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सांगितले तेवढेच औषध ड्रॉपरने मोजून दिले.

हीच गोष्ट शेकडेवारीत मांडली तर सिरप अडीच टक्क्यांचे, थेंब दहा टक्क्यांचे. हे कसे काढले? १०० मिलिलिटर द्रावणात जितके ग्रॅम पदार्थ, तितके टक्के. म्हणून १ टक्का म्हणजे दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. दवाखान्यातल्या सलाइनवर ०.९ टक्के असते. म्हणजे लिटरभर सलाइनमध्ये ९ ग्रॅम मीठ.

पण थांबा. हा हिशेब झाला वजन आणि आकारमान यांचा. लेबलावर तो 'डब्ल्यू/व्ही' असा लिहितात. डब्ल्यू म्हणजे वजन, व्ही म्हणजे आकारमान. मलमाच्या ट्यूबवर 'डब्ल्यू/डब्ल्यू' दिसेल, कारण मलम कोणी मापट्याने मोजत नाही. तिथे १०० ग्रॅम मलमात किती ग्रॅम औषध ते सांगितलेले असते. हात निर्जंतुक करायच्या अल्कोहोलवर 'व्ही/व्ही' असते. इथे एक गंमत आहे. ५० मिलिलिटर अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र करा, १०० भरत नाही. ९६-९७ च्या आसपासच भरते! म्हणून ७० टक्क्यांचे द्रावण करताना ७० मिलिलिटर अल्कोहोल घेऊन त्यात ३० मिलिलिटर पाणी ओतायचे नसते, तर १०० च्या खुणेपर्यंत पाणी भरायचे असते. आणि हेच ७० टक्के वजनाने मोजले तर जेमतेम ६२ भरतात. द्रावण तेच, आकडा दुसरा.

आकडा बदलला की माणूस कसा फसतो, ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे कळले. तो आता शेती करतो. कपाशीवरच्या तुडतुड्यांसाठी त्याने इमिडाक्लोप्रिड आणले. बाटलीवर १७.८ टक्के एसएल, आणि हातातल्या सल्लापत्रकात '२०० एसएल', म्हणजे लिटरला २०० ग्रॅम. त्याने आपला हिशेब केला: १७.८ टक्के म्हणजे लिटरला १७८ ग्रॅम. दुकानदाराने हलका माल गळ्यात मारला! आता पंपात औषध थोडे जास्तच टाकतो, म्हणाला. खरे तर ते १७.८ टक्के वजनाचे होते. हे द्रव पाण्यापेक्षा जड, एक लिटर सुमारे १.१२ किलो भरते. ११२० ग्रॅमचे १७.८ टक्के काढून पाहा, २०० ग्रॅमच येतात. दोन्ही कागद एकच गोष्ट सांगत होते. वाढीव विष पंपात गेले असते, आणि फवारणाऱ्या गड्याच्या अंगावरही उडाले असते.

टक्के कशाचे, हेही वाचावे लागते. जखमेवरच्या पोव्हिडोन आयोडिनच्या बाटलीवर ठळक अक्षरांत ५ टक्के असते, आणि खाली बारीक अक्षरांत 'उपलब्ध आयोडिन ०.५ टक्के'. पहिला आकडा सबंध संयुगाचा, दुसरा त्यातून मोकळ्या होणाऱ्या आयोडिनचा.

आजींनी आता थेंबांच्या बाटलीला तिचा ड्रॉपर रबराने बांधून ठेवला आहे. चमचा त्या फळीवर ठेवीतच नाहीत.