पान्याचा जोर आणि बोल्टची पकड

जालना जिल्हा ओळखला जातो लोखंडी सळईसाठी. पण सळईइतक्याच महत्त्वाच्या एका वस्तूकडे आपण क्वचितच बघतो, ती म्हणजे काँक्रीटमध्ये बसवलेला अँकर बोल्ट. आमच्या जांब समर्थसारख्या गावात पत्र्याचे शेड असो की सौर पंपाच्या पॅनेलचा सांगाडा, खांबाखालची प्लेट पायाला धरून ठेवतात ते हे बोल्ट. वळवाच्या वाऱ्यात पत्रा वर उचलला जातो तेव्हा सारी भिस्त त्यांच्यावर. ते ‘घट्ट आवळले’ म्हणजे नेमके काय झाले, या प्रश्नाचा मी पुस्तके आणि पाने या दोन्हींच्या संगतीने पाठपुरावा केला आहे.

नट फिरवला की बोल्ट किंचित ताणला जातो. ताणलेला बोल्ट मूळ लांबीवर यायला बघतो आणि प्लेटला काँक्रीटवर दाबतो. हा दाब म्हणजे पकड. आपल्याला हवी असते पकड, पण मोजता येतो तो पान्यावरचा पीळ, ज्याला कारागीर टॉर्क म्हणतात. मध्ये उभे राहते घर्षण. पिळाचा साधारण निम्मा भाग नटाखाली घासण्यात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांमध्ये, आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा.

हिशेब सोपा आहे. पीळ म्हणजे घर्षणाचा गुणक, बोल्टचा व्यास आणि पकड यांचा गुणाकार. १२ मिलिमीटरच्या बोल्टला ४० न्यूटन-मीटर पीळ दिला आणि गुणक ०.२ धरला, तर पकड सुमारे १६,७०० न्यूटन येते, म्हणजे १,७०० किलो वजनाइतकी. आटे गंजलेले असतील आणि गुणक ०.३ झाला, तर तोच पीळ ११,१०० न्यूटनच देतो. तेल लावल्याने तो ०.१५ वर आला, तर २२,२०० न्यूटन. आता गंमत बघा : साध्या ४.६ प्रतीचा याच जाडीचा बोल्ट २०,००० न्यूटनच्या थोडे पुढे गेला की कायमचा लांबू लागतो. पान्यावरचा आकडा तोच, पण एक बोल्ट सैल आणि दुसरा निकामी! म्हणून कंपनीच्या तक्त्यातला पीळ कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे आधी विचारावे.

आणि टॉर्क रेंच आपल्याकडे किती जणांकडे असतो? पान्याला पाइप घालून आवळणे हीच रीत. एक फूट पान्यावर २० किलोचा जोर म्हणजे सुमारे ६० न्यूटन-मीटर. तीन फुटी पाइपने तोच जोर १८० होतो.

काँक्रीटमध्ये आणखी एक भानगड आहे. पसरणाऱ्या अँकरचा शंकू भोकाच्या भिंतीला रेटतो, तिथले काँक्रीट हळूहळू दबते आणि आवळलेली पकड काही काळात निम्म्यापर्यंत उतरू शकते. पुन्हा आवळल्याने काही भरपाई होते, पूर्ण नव्हे. आपला समज असा की जास्त आवळलेला बोल्ट जास्त वजन पेलतो. तसे नाही. बोल्ट शेवटी किती ओढ सोसेल हे पोलाद, खोली आणि काँक्रीटची प्रत यांवर ठरते. पकड फक्त प्लेट हलू देत नाही, वाऱ्याच्या धक्क्यांनी नट सुटू देत नाही.

रसायनाने चिकटवलेल्या अँकरबाबत तर पीळ आणखी कमी सांगतो. जपानच्या सासागो बोगद्यात २ डिसेंबर २०१२ रोजी छताचे काँक्रीट फलक कोसळून ९ जण दगावले. १९७७ साली सुरू झालेल्या त्या बोगद्यात फलक टांगणारे बोल्ट रसायनाने चिकटवलेले होते, आणि ते छतातून उपटून आले. चिकट थर पूर्ण सुकण्याआधी नट आवळला, तर तोच थर तुटतो. त्याची खरी परीक्षा बोल्ट ओढून बघण्यातच होते. भोकातली धूळ ब्रश आणि फुंकणीने काढली नाही, तर रसायन काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटते. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात ते मिनिटांत घट्ट होऊ लागते, त्यामुळे हे काम सकाळी लवकर केलेले बरे.