स्टार्ट बटणाचं भाडं

मनीषनगरातल्या कुठल्याही झेरॉक्स-ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात प्रवेशाच्या दिवसांत थोडा वेळ उभं राहावं. कॉम्प्युटर जुना, रॅम 4 जीबी, आत फिरती हार्डडिस्क. एक पोरगी जातीच्या दाखल्याची पीडीएफ मागते आणि पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उगवते: फाइल्सचा बॅकअप घ्या. मागे रांग, म्हणून दुकानदार न वाचताच 'होय' दाबतो. डेस्कटॉप वनड्राइव्हवर जातो, फुकटातली 5 जीबी जागा भरते आणि दुसरी चौकट जागा विकायला येते. ‘‘दादा, फाइल इथंच तं होती ना?’’

विंडोज 95 ला किमान 4 एमबी रॅम लागायची, एक्सपीला 64. विंडोज 11 ला 4 जीबी लागते, म्हणजे 95 च्या हजारपट, आणि तेवढ्यात ते जेमतेम उभं राहतं. सुरक्षा, मोठे पडदे, देवनागरीची नीट जुळणी, यांचा खर्च मान्य. पण विजेट्स किंवा नवं आउटलुक दिसायला प्रोग्रॅम, आतून वेबपानं. चालवायला ब्राउझरचं इंजिन लागतंच. हार्डवेअर जितकं वेगवान होतं, त्याहून झपाट्यानं सॉफ्टवेअर मंदावतं, असं संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी 1995 मध्येच लिहून ठेवलं होतं.

सुस्ती एकवेळ चालेल, जाहिरात नाही. 2015 मध्ये विंडोज 10 सोबत कँडी क्रश घरात आलं. एप्रिल 2024 च्या अपडेटपासून विंडोज 11 च्या स्टार्ट मेनूत स्टोअरमधली अॅप्स ‘शिफारस’ म्हणून दिसू लागली. नव्या आउटलुकात तर फुकट खातेदाराच्या इनबॉक्समध्ये जाहिरात पत्रासारखी येऊन बसते. फुकटच्या वेबसाइटवर हे खपतं. विंडोजचे पैसे लॅपटॉपच्या किमतीतच गेलेले असतात. एमएस-सीआयटीच्या वर्गांत लाखो मराठी माणसांनी माऊस पहिल्यांदा नेला तो याच स्टार्ट बटणावर. तेव्हा तिथं कोणी काही विकत नव्हतं.

खटके आहेत, फक्त विखुरलेले. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग स्टार्ट: तिथल्या शिफारशी बंद कराव्यात. सिस्टिममधल्या नोटिफिकेशन्सच्या तळाशी टिप्सच्या खुणा काढाव्यात. प्रायव्हसीत जाऊन अॅडव्हर्टायझिंग आयडी बंद करावा. मोठं अपडेट आलं की पुन्हा एक फेरी मारावी. फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी लावली, तर जुनं मशीनही बरंच सुटं होतं.

लिनक्स का नाही? मिंट 2 जीबी रॅमवर चालतं, स्टार्ट मेनूत जाहिरात नाही. सीडॅकचं बॉस लिनक्स 2007 पासून आहे, तेही मराठीसह. तरी डीटीपीवाला हलत नाही आणि त्याचं चुकतही नाही. श्रीलिपीचे युनिकोडपूर्व फॉन्ट आणि 2001 नंतर नवी मोठी आवृत्तीच न आलेलं पेजमेकर, यांवर लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंतच्या वर्षानुवर्षांच्या फाइल्स उभ्या आहेत. त्या दुसरीकडे उघडून दाखवेपर्यंत त्याला लिनक्सचे गोडवे ऐकवू नयेत.

त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि ठरावीक प्रोसेसर हवेत. साधारण 2018 च्या आधीची बहुतेक मशीनं, धडधाकट असली तरी, बाद. सुरक्षा-अपडेटची वर्षभराची वाढीव मुदत मिळते, पण आपल्याकडे त्यासाठी सेटिंग्ज क्लाउडवर पाठवा, रिवॉर्ड पॉइंट मोजा नाहीतर 30 डॉलर द्या. युरोपीय आर्थिक क्षेत्रात ती बॅकअपच्या अटीविना फुकट आहे, आणि तिथल्या ग्राहक संघटनांनी कंपनीकडे तगादा लावल्यावर ती मिळाली. आपल्या ग्राहक पंचायतींनीही हा विषय हातात घ्यायला हरकत नाही.